कैलासवासी होण्याची तांत्रिक बाजू

माणूस गेल्यानंतर त्याच्या फोटोसाठी जी धावपळ उडते ती मी अनेक घरांत पाहिली आहे, आणि त्या धावपळीतील नियोजनाचा अभाव मला नेहमीच अस्वस्थ करीत आला आहे. भटजी ठरतात, फुले येतात, तेराव्याच्या जेवणात अळूवडी असावी की नसावी यावर बैठका होतात, आणि मग कोणाला तरी आठवते की तसबिरीसाठी फोटोच नाही. मग आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात, ज्यात त्या सद्गृहस्थाने स्वतःलाही ओळखले नसते. नाहीतर पुतण्याच्या लग्नातील समूहचित्रातून त्याला कापून काढतात आणि त्याच्या खांद्यावर कोणा अनोळखी बाईचा बांगड्यांनी भरलेला हात कायमचा राहून जातो. आमच्या नेरूळच्या सोसायटीतील एक माजी अध्यक्ष तर आइस्क्रीमचा चमचा हातात घेऊन आजही भिंतीवर आहेत.

मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली असून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका कारखान्यात निवृत्तीपर्यंत गुणवत्ता नियंत्रणाचे काम पाहिले. जे काम आज ना उद्या करावेच लागणार, ते घाईगर्दीत इतरांवर सोडू नये, अशी मला सवय आहे. म्हणून सत्तरी ओलांडल्यावर, भिंतीवर लावण्यायोग्य असा स्वतःचा फोटो वेळेवर काढून ठेवावा असे मी ठरविले. हेतू एवढाच होता. पुढे जे घडले त्याचा त्यात काडीइतकाही अंतर्भाव नव्हता, हे प्रारंभीच नोंदवून ठेवतो.

अशी योजना गुप्त राहत नाही. फोटोसाठी कोट इस्त्रीला दिला तेवढ्यावरून सोसायटीत सल्ल्यांचा ओघ सुरू झाला. एकाने चष्मा काढा म्हटले, कारण काचेत दिवा चमकतो. दुसऱ्याने चष्मा ठेवा म्हटले, कारण त्यावाचून मला कोणी ओळखणार नाही. सर्वांत विचारपूर्वक सल्ला वॉचमन पंढरीने दिला. "साहेब, थोडं हसा. घरातल्यांना रोज बघायचंय. चिडलेला माणूस रोज कोण बघणार?" मला तो मुद्दा पटला. फोटोग्राफरला मी हास्याचे प्रमाणही सांगितले: दात दिसू नयेत, पण आहेत असे वाटावे.

फोटो उत्तम आला. सागवानी चौकट, चमक न मारणारी काच आणि तसबीर कलू नये म्हणून मागे एकाऐवजी दोन कड्या, असा सारा ऐवज घेऊन मी घरी आलो आणि तो सौभाग्यवतींना दाखविला.

"हे काय?" ती म्हणाली.

"पूर्वतयारी."

"कशाची?"

मी कशाची ते सांगितले. त्यावर ती जे बोलली त्यात 'अभद्र' हा शब्द एकाहून अधिक वेळा आला. तसबीर कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आली, आणि मी पुढचे काही दिवस उपम्यावर काढले. पण फोटो चांगला आला आहे हे तिने नाकारले नाही. गुणवत्ता नियंत्रणात अशा मौनाला मान्यता समजतात.

दिवाळीच्या सुमारास आमच्या वरच्या मजल्यावरचा कल्पेश भोईर दारात आला. कल्पेश मूळचा करावे गावचा, आमच्या सोसायटीचा सचिव, आणि व्यवसायाने चित्रीकरणाला जनरेटर पुरविणारा. त्याच्यासोबत मनस्वी नावाची, केस डोक्यावर पेन्सिलीने अडकविलेली एक तरुणी होती. बेलापूरला, पारसिक टेकडीच्या पायथ्याशी एक बंगला भाड्याने घेऊन तेथे एका मराठी मालिकेचे चित्रीकरण सुरू झाले होते आणि ही मुलगी तेथील कला विभागात सहायक होती. मालिकेचे नाव सांगण्याची मला मुभा नाही. एवढेच सांगतो की त्या नावात अंगण, सावली आणि सासर यांपैकी दोन शब्द आहेत, आणि सौभाग्यवती ती रोज साडेआठला, मध्ये कोणी बोललेले खपवून न घेता, पाहते.

"काका, तुमचा एक फोटो हाय ना कोटातला?" कल्पेश म्हणाला. "पंढरी बोलला. हिला अर्जंट पायजे. टेन्शन नाय घ्यायचा, परत देनार."

"राजनंदिनीच्या बाबांचा फोटो हवाय," मनस्वी म्हणाली. राजनंदिनी ही त्या मालिकेची नायिका. "दिवाणखान्यात लावायला. आमच्याकडे जे आहेत ते सगळे मॉडेल वाटतात. आम्हाला खरा, मध्यमवर्गीय, सात्त्विक चेहरा पाहिजे."

मी कपाट सरकविले. तिने तसबीर हातात घेतली, दूर धरली, आणि म्हणाली, "सर, हेच बाबा."

आता येथे मला वाचकांपुढे स्पष्टीकरण देणे भाग आहे. भिंत विटांची आहे की प्लायवूडची, ते मी विचारले. खिळा किती वजन पेलेल, ते विचारले. दिव्यांच्या उष्णतेने काचेमागे वाफ धरेल का, तेही विचारले. मनस्वीने प्रत्येक प्रश्नाचे मनापासून उत्तर दिले. फक्त राजनंदिनीचे बाबा हयात आहेत काय, हा प्रश्न माझ्या तपासणीतून निसटला. आणि सौभाग्यवती, जिला तो सहज सुचला असता, त्या वेळी मंडईत मटार निवडत होती.

संध्याकाळी तिला कळले तेव्हा ती रागावण्याऐवजी चक्क मोहरली. नुकत्याच सुरू झालेल्या मालिकेतील राजनंदिनी सासरीच दाखविली होती, माहेर अजून कोणी पाहिले नव्हते. "म्हणजे तुम्ही तिचे बाबा," ती म्हणाली, आणि त्या रात्री मला उपमा मिळाला नाही, भरली वांगी मिळाली.

ज्या दिवशी माहेर दाखविणार होते त्या दिवशी आमच्याकडे कल्पेश, त्याची पत्नी रुतिका आणि आमच्या मजल्यावरची मंडळी बटाटेवड्यांना जमली. साडेआठला राजनंदिनी माहेरच्या दारात आली. कॅमेरा हळूहळू भिंतीकडे वळला. भिंतीवर मी होतो. तसबीर समपातळीत होती, वाफ धरली नव्हती, हास्याचे प्रमाण अचूक होते. आणि तसबिरीला हार होता. खाली उदबत्ती जळत होती.

"बाबा," राजनंदिनी रडत म्हणाली, "तुम्ही असता तर आज ही वेळ आली नसती."

रुतिकाच्या हातातला वडा तोंडाजवळच थांबला. मालिकेतील व्हायोलिने तेवढी बोलत राहिली. सौभाग्यवतीने उठून दूरदर्शन संच बंद केला, जे तिने साडेआठ ते नऊ या वेळेत कधीही केलेले मला स्मरत नाही, आणि ती स्वयंपाकघरात गेली. जाताना तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेलेला मी पाहिला, आणि प्रथमच मला वाटले की या योजनेत काही तरी चुकले आहे.

"काका, आयुष्य वाढतंय यानी," कल्पेश जाताना म्हणाला. पुढील काही आठवड्यांत हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकविले की माझे आयुष्य आता कोणत्याही मापदंडाने अवाजवी झाले असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याहून माझी थोरली बहीण बाळाबाई हिचा फोन आला.

"आरं शिवा, तूच बोलतुयास न्हवं?"

"मीच, आक्का."

"मग फुटूला हार कशापायी? काल शेजारणीकडं टीव्हीवर बघितला. प्वोर रडत हुती. म्या म्हनलं, ही कुनाची प्वोर, आन तेवढ्यात लाईट गेली. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. हितं भैरूनं डोकं भादरायला घेतलंय."

भैरू हा माझा पुतण्या. भावकीतला माणूस गेला की डोके भादरायची आमच्याकडे रीत आहे.

"त्याला थांबव, आक्का. मी जिवंत आहे."

पलीकडे काही काळ कुजबुज झाली. "अर्धं भादरून झालंया," आक्का म्हणाली. "आता अर्ध्यावर थांबवून कसं दिसंल?" भैरूने उरलेले अर्धे पूर्ण केले. केस परत येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

मासळी घेऊन येणाऱ्या धोंडूबाईने मला दारात पाहून टोपली खाली ठेवली. "आवो भाव, तुमी हाव? मी सुनंला बोलली, गेला बिचारा. बांगडा कसा पारखून घेयाचा. आता तशी कटकट कोन करनार?" मी हे श्रद्धांजली म्हणून स्वीकारले.

याच सुमारास निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देण्याची मुदत होती. बँकेच्या काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, आधार कार्डाकडे पाहिले, आणि शेजारच्या बाईंना कोपर मारले. "राजनंदिनीचे बाबा," त्या म्हणाल्या, आणि दोघी माझ्याकडे अशा हळहळून पाहू लागल्या की मला त्यांचे सांत्वन करावेसे वाटले. मग अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र पुढे आले. आयुष्यभर स्टीलचे सुटे भाग हाताळल्याने माझ्या अंगठ्यावरील रेषा झिजल्या आहेत. यंत्राने मला नाकारले, पुन्हा नाकारले, आणि उजवा-डावा असा भेद न करता नाकारीत राहिले.

"मशीन पण सिरियल बघतं वाटतं," मागच्या रांगेतून कोणी तरी म्हणाले. अखेर डोळ्यांची तपासणी होऊन मी हयात ठरलो. बाईंनी दाखला देताना दबक्या आवाजात विचारले, "काका, बाबा नक्की गेलेत का हो? बोट बुडाली म्हणतात, पण बॉडी दाखवली नाही."

हे सारे मी सहन केले असते. माझा स्वाभिमान दुखावला होता, पण स्वाभिमान दुखावणे हा सेवानिवृत्त माणसाचा नित्यक्रमच असतो. गोष्ट गंभीर झाली ती संक्रांतीत.

सौभाग्यवतीच्या हळदीकुंकवाला आमच्या सेक्टरमध्ये प्रतिष्ठा आहे. वाण म्हणून या वर्षी तिने स्टीलच्या चहागाळण्या निवडल्या होत्या आणि जाळी उसवत नाही ना, याची तपासणी मी स्वतः केली होती. पण संक्रांत आली आणि गेली, तरी गाळण्यांचे खोके उघडले गेले नाही. ती कोणाकडे गेलीही नाही. मी विचारले तर पाय दुखतो म्हणाली. दोन दिवसांनी तिने खरे सांगितले. बायका तिच्यासमोर आवाज खाली आणून बोलू लागल्या होत्या. लिफ्टमध्ये ती शिरली की गप्प होत. आणि रुतिकाने, अत्यंत प्रेमाने, तिचा हात हातात घेऊन म्हटले होते, "काकू, तुम्ही नाही आलात तरी आम्ही समजून घेऊ."

"काय समजून घेणार आहेत त्या?" सौभाग्यवती म्हणाली. "माझा नवरा इथे बसून कपाटाच्या बिजागरीला तेल घालतोय, आणि सगळी सोसायटी माझी कीव करतेय. रोज साडेआठला तो हार बघायचा. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. तोवर तो हार उतरला तर ठीक. नाहीतर त्या गाळण्या तुम्ही एकेक करून वापरा."

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे फारशा गोष्टी मागितल्या नाहीत. मी तेलाचा डबा खाली ठेवला.

प्रथम मनस्वीला फोन केला. ती बिचारी हळहळली. "काका, मी हार काढू शकत नाही. कंटिन्युटी असते. भिंतीवर एकदा जे लागलं ते रोज तसंच दिसायला लागतं."

"मग तसबिरीत दुसरा माणूस घाला."

"नायिकेचे बाबा असे बदलत नाहीत, काका. लोक फोन करतात."

"गेल्या महिन्यात तुम्ही तिची सासू बदललीत. सोमवारी एक बाई होती, मंगळवारी दुसरी."

"सासू बदलता येते," मनस्वी म्हणाली. या व्यवसायाचे नियम मला पुढेही कधी पूर्णपणे उमगले नाहीत.

सोसायटीत पुन्हा सल्ले सुरू झाले. बेलापूरच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एका शेजाऱ्यांनी नोटीस पाठवा म्हटले, पण नोटिशीत मी हयात आहे हे प्रथम सिद्ध करावे लागेल असेही बजावले. कोणी ग्रहांची शांत करा म्हटले. पंढरीने एकच विचारले, "साहेब, तुम्ही स्वतः जाऊन उभे राहिलात का तिथं?" मी उभा राहिलो नव्हतो. म्हणून राहायचे ठरविले.

बेलापूरच्या त्या बंगल्यात मी शिरलो तेव्हा जेवणाची सुट्टी होती. दिवाणखान्यात, माझ्याच तसबिरीखाली, नायिकेचे काम करणारी मुलगी डब्यातील खिचडी खात होती. तिने वर पाहिले. माझ्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. रोज त्या चेहऱ्यासमोर रडायची सवय लागली होती तिला. सरळ उठली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. ती कोणत्या नात्याने नमस्कार करीत होती ते तिलाही सांगता आले नसते. लाइटवाले, मेकअपवाले, चहावाले, सारे उभे राहिले. एकाने नकळत टोपी काढली.

जिन्याच्या पायरीवर बसून मोबाइलवर उद्याचे संवाद लिहिणारा एक निस्तेज तरुण हे सारे पाहत होता. तो लेखक प्रसाद. त्याने मला गाऱ्हाणे पूर्ण मांडूही दिले नाही.

"काका, तुम्ही बोलू शकता?"

"चाळीस वर्षे कामगार संघटनेशी बोललो आहे."

"बाबा जिवंत आहेत," प्रसाद स्वतःशीच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रक्त आल्यासारखे दिसले. "बोट बुडाली, पण बॉडी मिळाली नव्हती. बाबा परत येतात. राजनंदिनी स्वतःच्या हातांनी हार काढते."

माझे काम झाले होते. समंजस माणूस येथे आभार मानून निघाला असता. परंतु आधी एक प्रश्न विचारायचा राहिल्याने हा सारा प्रसंग ओढवला होता, आणि या खेपेस कोणताही प्रश्न सुटू द्यायचा नाही असा माझा निर्धार होता.

"मालिकेत बोट बुडून बारा वर्षे झाली. एवढी वर्षे हा माणूस होता कोठे?" मी विचारले.

"ते बघू नंतर, काका. स्मृतिभ्रंश वगैरे."

"स्मृतिभ्रंश झालेला माणूस घराचा पत्ता कसा शोधेल? नाही. प्रेक्षक अडाणी नाहीत. बँकेतल्या बाईंनीही मला विचारले. धडधाकट माणूस इतकी वर्षे घरी का आला नाही, याला तर्कशुद्ध कारण हवे."

प्रसादने माझ्याकडे विचारमग्न नजरेने पाहिले आणि मोबाइलवर काही तरी लिहून ठेवले. मला त्या वेळी समाधान वाटले.

चित्रीकरणाच्या दिवशी सौभाग्यवती सोबत आली. माझे वाक्य एकच होते: "पोरी, मी आलोय." दाराशेजारी घंटीचे बटण असताना दार ठोठावायचे का, याबद्दल माझी आणि दिग्दर्शकांची थोडी चर्चा झाली. शेवटी घंटी बिघडलेली आहे असे मी मनाशी मानले आणि दार ठोठावले. राजनंदिनी रडली, तिने हार काढला, सारे गहिवरले. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेली सौभाग्यवती मात्र उठून त्या हाराजवळ गेली आणि तो बोटांनी चाचपून म्हणाली, "प्लॅस्टिकचा आहे." एवढेच. पण आवाजात अशी काही अढी होती की मनस्वीने खाली पाहिले.

तो भाग रथसप्तमीच्या आधी दाखविला गेला. आमच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. आक्काने फोन करून, लाईट न जाता सारे पाहिल्याचे कळविले. आणि आमच्या घरी हळदीकुंकू झाले, असे की चपलांची रांग जिन्यापर्यंत गेली. तळमजल्यावरच्या आजी यजमान गेल्यापासून कोणाच्या हळदीकुंकवाला येत नसत. सौभाग्यवती स्वतः खाली गेली, त्यांचा हात धरून त्यांना वर घेऊन आली आणि पहिली गाळणी त्यांच्या हातात ठेवली. आजी नको नको म्हणत होत्या. "तीन महिने मीपण सोसलंय लोकांचं ते समजून घेणं," ती त्यांना म्हणाली. "पुरे झालं." मी स्वयंपाकघरात तिळगुळाच्या वड्या ताटलीत समांतर लावीत होतो. तेथून मला ते ऐकू आले आणि काही काळ ओळ वाकडी गेली.

येथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती. परंतु पुढच्या सोमवारी मालिकेत माझ्या मागणीप्रमाणे तर्कशुद्ध कारण दाखविण्यात आले. राजनंदिनीचे बाबा बारा वर्षे घरी आले नाहीत, कारण त्यांनी अलिबागला दुसरा संसार थाटला होता.

मी त्या भागात कोठेही नव्हतो. तसबिरीकडे पाहून बाकीचे बोलत होते, आणि तसबिरीत मी त्याच प्रमाणात हसत होतो. ज्या हास्याला आजवर सारे सात्त्विक म्हणत होते ते आता, मलाही मान्य करावे लागेल, लबाड दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मी शिरलो आणि दोन महिला उतरल्या, त्यांना तेथे उतरायचे नसताना. रुतिकाने सौभाग्यवतीचा हात पुन्हा हातात घेतला आणि काही सांगायचे असल्यास आपण आहोत असे सांगितले. कल्पेशने मला जिन्यात गाठले. "काका, मी सेक्रेटरी म्हनून नाय, पोरासारखा विचारतो. अलिबागला तुमचा काय हाय का?" मी अलिबागला एकदाच, कारखान्याच्या सहलीला गेलो होतो. नेमके ते त्याला सांगितले आणि त्याचा संशय पक्का झाला.

धोंडूबाईने मला बांगडा पारखू दिला नाही. "जो देते तो घ्या. अलिबागवालीला घालून उरला तो ना हा?" आणि आक्काचा फोन आला. "शिवा, खरं सांग. कोन हाय ती? भैरूनं तुझ्यापायी डोकं भादरलं रं."

"आक्का, ती मालिका आहे."

"ते ठावं हाय मला. पर त्येंनी तुझाच फुटू का लावला? कायतरी बघूनच लावला आसंल."

हा तर्क नोंदवून घेऊन मी फोन ठेवला.

मी सौभाग्यवतीसमोर बसलो आणि झाल्या प्रकाराची तांत्रिक मीमांसा करू लागलो. तिने ती ऐकून घेतली नाही. "पहिल्या वेळी विचारायला पाहिजे होतं ते विचारलं नाहीत," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या वेळी विचारायला नको होतं ते विचारलंत. आता गप्प बसा. मला त्या लेखकाचा नंबर द्या."

"तू काय सांगणार?"

"गेलेले होतात तेव्हा निदान लोक चांगलं बोलत होते."

प्रसाद स्वतः घरी आला. त्याला वाटले होते आता नोटीस मिळणार. सौभाग्यवतीने त्याला आधी जेवायला वाढले. तो बरेच दिवस नीट जेवला नसावा. पहिल्या घासापासूनच तो तिच्या बाजूचा झाला, आणि आमटी दुसऱ्यांदा वाढेपर्यंत तिने आपल्या अटी सांगितल्या.

"आधी ती अलिबागची बाई," ती म्हणाली. "तिनं यांना पाण्यातून ओढून काढलं. ती कोळ्याची विधवा, पोरं लहान. यांनी तिच्या पोरांना शिकवलं, उपकार फेडले. भाऊबिजेला ती यांना ओवाळायची. हे तिनं राजनंदिनीच्या घरी येऊन, सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी सांगायचं. रुतिकाला नीट ऐकू गेलं पाहिजे."

"रुतिका कोण?" प्रसादने विचारले.

"ते तुम्ही सोडा. हे एकदा झालं, की मग यांना मारा."

प्रसादने घास खाली ठेवला. "परत?"

"झोपेत. त्रास न होता. लेकीचा हात हातात असताना. आणि या वेळी हार मी देणार."

वाशीला खादीच्या दुकानात ती माझ्यासह गेली. तेथील मुलीने प्लॅस्टिकचे, कागदी, मण्यांचे असे हार मांडले. सौभाग्यवतीने सारे बाजूला सारले आणि चंदनाच्या सालींचा एक हार निवडला, नाकाशी नेऊन वास घेतला, लांबी माझ्या खांद्यावर धरून पाहिली. "तसबिरीला थोडा मोठा होईल," मी म्हणालो. ती म्हणाली, "चालेल. उठून दिसेल." दुकानातील मुलगी हार कोणासाठी आहे ते विचारणार होती. तिने हाराकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि न विचारता पिशवीत घातला.

जे ठरले तसेच दाखविले गेले. अलिबागची बाई आली, तिने सारे सांगितले, आणि आमच्या वरच्या मजल्यावरून रुतिकाच्या दूरदर्शन संचाचा आवाज त्या वेळी वाढविल्याचे मला स्पष्ट ऐकू आले. दुसऱ्या दिवशी धोंडूबाईने टोपलीतले पापलेट स्वतःहून उलटून दाखविले. "परकी बाईची पोरा शिकवली तुमी. घ्या, चांगला हाय." आक्का म्हणाली, तिला आधीच ठाऊक होते.

आणि मग एका शुक्रवारी मी गेलो. राजनंदिनीने माझा हात हातात घेतला होता. हात माझा नव्हता, मेकअप विभागातील कोणाचा तरी होता, पण बरा होता. व्हायोलिने वाजली. कॅमेरा भिंतीवर गेला. सागवानी चौकट, चमक न मारणारी काच, हास्य पुन्हा सात्त्विक, आणि चंदनाचा हार.

मी सोफ्यावर बसलो होतो, सौभाग्यवती शेजारी. तिने पदर डोळ्यांना लावला.

"चौकट डावीकडे किंचित कलली आहे," मी म्हणालो. "दोन्ही कड्या अडकविलेल्या दिसत नाहीत."

तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या हातावर हात मात्र ठेवला, आणि तो तेथेच राहू दिला.

"किती चांगला माणूस होता," ती म्हणाली.

"अगं, मी इथेच बसलो आहे."

"तुम्ही जरा गप्प बसा हो," ती म्हणाली. "मला रडू द्या."